ओसाड बेटावर पुन्हां पांखरें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ईशान्येच्या अगदीं टोंकास मेन नांवाचें संस्थान आहे. त्याचा किनारा नकाशांत पाहिला म्हणजे जुन्या शालीच्या विरलेल्या पदराची आठवण होते. कोठें समुद्र कोसच्या कोस आंत शिरलेला, कोठें खडक बाहेर आलेले, आणि सर्वत्र लहानमोठ्या बेटांचा शिडकावा. या किनाऱ्यावरील मस्काँगस उपसागराच्या तोंडाशीं, जेथून पुढें उघडा अटलांटिक महासागर सुरू होतो, तेथें ७ एकरांचा एक खडकाळ तुकडा पाण्याबाहेर डोकें काढून बसला आहे. त्याचें नांव ईस्टर्न एग रॉक, म्हणजे पूर्वेकडचा अंड्यांचा खडक. त्यावर एकही झाड नाहीं. कडेनें बैलगाडीएवढाले ग्रॅनाइटचे धोंडे एकमेकांवर कलंडलेले, आणि मधोमध गवत व रानटी झुडुपें. कोंकणांतील एखादी बऱ्यापैकीं वाडी एवढी असते. परंतु वाडींत निदान एक घर आणि एक विहीर तरी असते. या बेटावर मनुष्याची कायमची वस्ती नाहीं.

असल्या निर्जन खडकाविषयीं चार घटका वाचीत बसावें असें त्यांत काय आहे, अशी शंका घरांतील वडील मंडळींस येईल. तिचें उत्तर इतकेंच कीं, हें बेट एकदां मनुष्यानें उजाड केलें, जवळजवळ नव्वद वर्षें तें तसेंच राहिलें, आणि मग एका मनुष्याच्या हट्टामुळें तें पुन्हां वसलें. उजाड करण्यास किती श्रम लागतात आणि वसविण्यास किती लागतात, याचा हिशेब आंकड्यांसह मांडण्याची सोय जगांत फार थोड्या ठिकाणीं आहे. हें त्यांतील एक.

ज्या पांखरासाठीं हा सारा खटाटोप झाला त्याचें नांव पफिन. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यावांचून हा पक्षी कोठें राहत नाहीं, त्यामुळें आपल्या भाषेंत त्याला नांव असण्याचें कारण नाहीं. शास्त्रज्ञांनीं दिलेल्या त्याच्या लॅटिन नांवाचा अर्थ ‘धाकटा बंधु’ असा होतो, आणि हा बंधु ख्रिस्ती मठांतला. कारण त्याचा काळा झगा व पांढरें पोट पाहून एखादा ठेंगणा मठवासीच उभा आहे असा भास होतो. आकारानें तो पारव्याहून फारसा मोठा नाहीं. वजन अर्ध्या किलोच्या आंतबाहेर. चोंच मात्र अशी कीं, शिमग्याच्या सोंगाला लावावी. त्रिकोणी, जाड, आणि नारिंगी, पिंवळ्या व निळसर करड्या पट्ट्यांनीं रंगलेली. ही शोभा विणीच्या हंगामापुरतीच असते. हिंवाळा आला कीं चोंचीवरचीं रंगीत कवचें गळून पडतात आणि पक्षी साधा, फिकट तोंडाचा होतो. लग्नसराई संपल्यावर शालू पेटींत जावा, तसें.

त्याचे पंख आंखूड आहेत. हवेंत राहण्यासाठीं त्याला ते मिनिटास ४०० वेळांपर्यंत फडफडवावे लागतात. पण तेच पंख पाण्याखालीं उत्तम चालतात, आणि खरें उड्डाण तो पाण्यांतच करतो असें म्हटलें तरी चालेल. धरलेला मासा जिभेनें टाळूवरच्या कांट्यांशीं दाबून ठेवावयाचा व चोंच पुन्हां उघडून दुसरा धरावयाचा, ही युक्ति त्याला साधलेली आहे. त्यामुळें एका खेपेस दहा दहा मासे चोंचींत आडवे लटकावून तो पिलाकडे येतो. हे चोंचींतले मासे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम आहे.

मादी वर्षास एकच अंडें घालते. तें जमिनींत पोखरलेल्या बिळांत किंवा धोंड्यांच्या फटींत असतें. सुमारें सहा आठवडे नर व मादी पाळीपाळीनें तें उबवितात, आणि पिलूं बाहेर आल्यावर आणखी सुमारें सहा आठवडे तें त्याच अंधारांत वाढतें. पुढची गोष्ट मोठी विलक्षण आहे. एके रात्रीं तें पिलूं एकटेंच बिळाच्या तोंडाशीं येतें आणि चालत, धडपडत समुद्र गांठतें. आईबाप बरोबर नसतात. पोहावें कसें, मासा धरावा कसा, हें दाखविणारा कोणी नसतो. नंतरचीं दोनतीन वर्षें तें महासागरावरच काढतें. मग ज्या बेटावरून निघालें तें बेट शोधीत परत येतें, आणि पांचव्या वर्षाच्या सुमारास आपला संसार थाटतें.

आपल्या पूर्वजांनीं पक्ष्याला द्विज म्हटलें. एकदां अंड्याच्या रूपानें आणि एकदां अंडें फोडून, असे त्याचे दोन जन्म मानले. पफिनास मी त्रिज म्हणेन. बिळांतून रात्रीं बाहेर पडणें हा त्याचा तिसरा जन्म, आणि त्या वेळीं जी भूमि त्याच्या पायांखालीं असेल ती त्याची जन्मभूमि. निदान अशी अटकळ एका तरुणानें बांधली, आणि पुढील सर्व हकीकत त्या एका अटकळीवर उभी आहे.

प्रथम बेट उजाड कसें झालें तें सांगितलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत मेनच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना समुद्रपक्ष्यांचीं बेटें म्हणजे उघडें कोठार होतें. रात्रीं धोंड्यांवर जाळीं पसरावयाचीं. पक्षी फटींतून बाहेर निघाले कीं तेथेंच गुरफटत. मांस खाण्यास, पिसें गाद्यांस, अंडीं घरांत आणि बाजारांत. त्या शतकाच्या अखेरीस शहरांतील स्त्रियांच्या टोप्यांवर पिसें, पंख, कधीं कधीं पेंढा भरलेला आख्खा पक्षी बसविण्याची टूम निघाली, आणि पफिनांचे शेजारी जे सुरय पक्षी त्यांच्यावरही संक्रांत आली. (नटण्याची हौस कोणत्या देशांत नाहीं? आपल्याकडे मोरपिसांवर भागलें, आणि तीं मोर आपण होऊन गाळतो, हें मोराचें नशीब.)

वर्षास एकच अंडें घालणाऱ्या पक्ष्याचें गणित फार नाजूक असतें. कोंबड्यांची भरपाई एका उन्हाळ्यांत होते. पफिनांच्या एका पिढीची भरपाई होण्यास पांचसहा वर्षें शांततेचीं लागतात, आणि तेवढी शांतता त्यांना कोणी दिली नाहीं. १८८० नंतरच्या दशकांत एग रॉकवरचे पफिन संपले. विसावें शतक उगवलें तेव्हां साऱ्या मेन संस्थानांत पफिनांचें एकच जोडपें उरलें होतें, तेंही समुद्रांत बरेंच दूर असलेल्या मॅटिनिकस रॉक नांवाच्या बेटावर. तेथें दीपगृह होतें. पक्षिमित्रांनीं दीपगृहाच्या रखवालदारासच वेतन देऊन पक्ष्यांचाही रखवालदार केलें, आणि ही युक्ति लागू पडली. त्या बेटावर पफिन टिकले व हळूहळू वाढले. पुढें १९१८ सालीं स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा अमेरिकेंत झाला. जाळीं गेलीं, बंदुका थांबल्या.

एग रॉकवर मात्र कांहींच घडलें नाहीं. मारणारे गेले, पण मेलेल्यांच्या जागीं कोणी आलें नाहीं. धोंडे तेच, फटी त्याच, समुद्रांत मासेही होते. वर्षामागून वर्षें गेलीं तरी एकही पफिन तेथें उतरला नाहीं. कारण उघड आहे, पण तें कळण्यास वेळ लागला. हा पक्षी कळपानें राहणारा. जेथें आपले दहावीस जातभाई धोंड्यांवर निवांत बसलेले दिसतील तेथें तो उतरतो, कारण ते बसले आहेत हीच जागा सुरक्षित असल्याची खूण. रिकामें बेट त्याच्या दृष्टीनें संशयास्पद. म्हणजे बेटावर पफिन येण्यास बेटावर आधीं पफिन असले पाहिजेत! तर्कशास्त्र शिकविणाऱ्यांनीं अन्योन्याश्रय दोषाचें उदाहरण म्हणून हें वापरण्यास हरकत नाहीं.

दरम्यान बेट अगदींच रिकामें राहिलें असेंही नाहीं. तेथें मोठे कुरव पक्षी ठाण मांडून बसले. या कुरवांचाही एकदां पिसांसाठीं संहार झालेला होता. पण ते सर्वभक्षक, धीट आणि चलाख. किनाऱ्यावरील गांवांचे उकिरडे वाढले, मासेमारीच्या नावांवरून घाण समुद्रांत पडूं लागली, तशी त्यांची संख्या भराभर वाढली. आणि कुरवांना पफिनांचीं व सुरयांचीं अंडीं-पिलें म्हणजे मेजवानी. एखाद्या कुटुंबाचें घर नव्वद वर्षें कुलुपांत राहावें आणि मधल्या काळांत तेथें भलत्यांनींच बिऱ्हाड थाटावें, तसा हा प्रकार होता.

१९६९ सालीं स्टीफन क्रेस नांवाचा चोवीस वर्षांचा तरुण या भागांत आला. एग रॉकपासून जवळच असलेल्या हॉग आयलंडवर ऑडुबॉन या पक्षिप्रेमी संस्थेचें उन्हाळी शिबिर भरत असे. तेथें तो पक्ष्यांविषयीं शिकवीत असे. मेनच्या पक्ष्यांवरील एका जुन्या पुस्तकांत त्याला आढळलें कीं, पलीकडे दिसणाऱ्या त्या खडकावर पूर्वीं पफिन घरटीं करीत. पुष्कळांनीं तें वाक्य वाचलें असेल आणि पान उलटलें असेल. क्रेसला तें वाक्य सोडीना. जे येथें होते ते येथें पुन्हां कां असूं नयेत, हा प्रश्न त्यानें मनांत धरला.

त्याचा बेत ऐकून जाणत्या लोकांनीं नाकें मुरडलीं, आणि खरें सांगावयाचें तर त्यांचे आक्षेप अगदींच पोकळ नव्हते. जगांत पफिन लाखांनीं आहेत. एकट्या आइसलंडांत इतके कीं, तेथें लोक ते खातात. मग सात एकरांच्या खडकावर चार जोडपीं बसविण्यासाठीं एवढा पैसा आणि एवढें आयुष्य कां घालावें? शिवाय असें पूर्वीं कोणीं केलेलें नव्हतें. पिलें आणलीं, वाढविलीं, आणि तीं समुद्रांत निघून गेलीं म्हणजे परत येतीलच कशावरून? आलीं तरी जेथें अंड्यांतून निघालीं तेथेंच जाणार नाहींत कशावरून? क्रेसपाशीं याला उत्तर नव्हतें, अटकळ होती. पिलूं दोन आठवड्यांचें होईपर्यंत बिळाबाहेरचें जग पाहत नाहीं. त्या वयांत तें उचललें, आणि एग रॉकवरच्या बिळांतून पहिल्यानें बाहेर पडूं दिलें, तर एग रॉकलाच तें आपलें घर समजेल.

कॅनडांतील न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्याशीं, विटलेस बे या उपसागरांत, ग्रेट आयलंड नांवाचें बेट आहे. तेथें पफिनांची प्रचंड वस्ती आहे; उतारावरचें गवत बिळांनीं चाळणीसारखें झालेलें असतें. तेथून पिलें नेण्याची परवानगी कॅनडाच्या सरकारी खात्याकडून मोठ्या मिनतवारीनें मिळाली. १९७३ सालीं प्रथम सहा पिलें आणलीं, पांच जगलीं. तेवढ्यावरून, हें पिलूं माणसाच्या हातून वाढतें, इतकें सिद्ध झालें. पुढील वर्षीं ५४ आणलीं. बिळांत खांद्यापर्यंत हात घालून पिलूं चांचपडून काढावयाचें, सुमारें हजार मैलांचा प्रवास विमानानें व नावेनें घडवावयाचा, आणि एग रॉकवर गवताच्या ढेंपांनीं बांधलेल्या कृत्रिम बिळांत एकेकास ठेवावयाचें. आधीं भाजलेल्या मातीच्या नळ्या वापरून पाहिल्या, पण त्या सोयीच्या ठरल्या नाहींत. पक्ष्यांचें बीळ जसें असतें तसेंच करावें लागलें.

मग मुलांमुलींचा एक गट रोज बिळाबिळाशीं जाऊन मासे ठेवूं लागला. माशांत जीवनसत्त्वें मिसळलेलीं असत. पिलांना माणसाची संवय लागूं नये म्हणून मासा ठेवून निमूटपणें बाजूस व्हावयाचें. शाकुंतलाची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे; अरण्यांत टाकलेल्या कन्येला शकुंतांनीं म्हणजे पक्ष्यांनीं सांभाळलें म्हणून तिचें नांव शकुंतला पडलें. येथें माणसांनीं शकुंतांचें तें जुनें ऋण फेडलें म्हणावयाचें. प्रत्येक पिलाच्या पायांत ओळखीची कडी घातली जाई. मग एखाद्या सकाळीं बीळ रिकामें आढळे. १९७३ ते १९८६ या काळांत एकंदर ९५४ पिलें आणलीं गेलीं, आणि त्यांपैकीं ९१४ अशा रीतीनें समुद्रावर निघून गेलीं.

या कामाची एक बाजू सांगावयास जड जाते, पण लपविणें बरें नव्हे. कुरव बेटावर असतांना पफिनांचें पिलूं जगणें शक्य नव्हतें. म्हणून सरकारी वन्यजीव खात्याच्या मदतीनें कुरवांचीं घरटीं मोडण्यांत आलीं आणि कित्येक कुरव विष घालून मारण्यांत आले. एका पक्ष्यासाठीं दुसऱ्याचा जीव घेण्याचा अधिकार मनुष्याला कोणीं दिला, असें अहिंसेच्या संस्कारांत वाढलेल्या माणसास वाटल्यावांचून राहत नाहीं. मला तें वाटलें. परंतु हेंही खरें कीं, कुरवांची ती बेसुमार वाढ माणसाच्याच उकिरड्यांनीं केलेली होती. हात काढून घेतला म्हणजे मनुष्य निर्दोष होतो असें नाहीं; त्याच्या जुन्या कृत्यांचीं फळें त्याच्या गैरहजेरींतही पिकत राहतात. मत्स्यन्यायानें चाललेल्या जगांत तराजूचें एक पारडें आपणच जड केलें असेल, तर तें सोडून निघून जाणें हा काय न्याय? तरीही विष तें विष. या प्रश्नाचा निकाल वाचकांनीं आपापल्या विवेकानें लावावा.

पिलें गेलीं आणि वाट पाहणें सुरू झालें. १९७५ गेलें, १९७६ गेलें. समुद्राकडे दुर्बीण लावून बसावें आणि संध्याकाळीं ती खालीं ठेवावी. तेव्हां क्रेसला सुचलें कीं, पिलें परत आलीं तरी त्यांना येथें रिकामेंच बेट दिसणार, आणि रिकाम्या बेटावर पफिन उतरत नाहीं. म्हणून त्यानें लांकडाचे पफिन कोरवून, रंगवून धोंड्यांवर उभे केले. ही कल्पना शिकाऱ्यांची. बदकें खालीं उतरावींत म्हणून लांकडी बदकें तळ्यावर सोडण्याची रीत अमेरिकेंत जुनी आहे, आणि आपल्याकडेही पाळलेला तित्तर पिंजऱ्यांत ठेवून रानटी तित्तरांना बोलावण्याची पारध्यांची विद्या प्रसिद्ध आहे. ज्या विद्येनें पक्षी मारले तीच येथें ते वसविण्याच्या कामीं आली.

१९७७ च्या जून महिन्यांत पहिला पफिन आला. पायांत कडी होती. म्हणजे येथूनच गेलेला. तो त्या लांकडी मंडळींत येऊन उतरला. पुढें आणखी आले. ते लांकडी पफिनांना चोंचीनें टोंचून पाहत, त्यांच्याशेजारीं बसत. लांकूड उत्तर देत नाहीं म्हणून कंटाळून जाऊं नयेत यासाठीं आरसे लावलेल्या पेट्याही ठेवण्यांत आल्या. आरशांतला पफिन निदान हालचाल तरी करतो. अटकळ खरी ठरली होती. न्यू फाउंडलंडांत अंड्यांतून निघालेलीं पांखरें मेनच्या या खडकाला घर समजून परत आलीं होतीं. पण येणें निराळें आणि संसार थाटणें निराळें. १९७८, १९७९, १९८० हीं तिन्ही वर्षें पाहुणे येत, बसत आणि परत जात.

या काळांत आणखी एक काम झालें. सुरय पक्षी लहान, पण अत्यंत तापट. आपल्या घरट्यांजवळ कोणी आलें तर शेंकडों सुरय एकदम उठून त्याच्या डोक्यावर झेंपा घालतात; कुरवालाही पळतां भुई थोडी करतात. पफिन भांडखोर नाहीं, तेव्हां असा शेजार त्याला हितावह. म्हणून सुरयांच्याही लांकडी प्रतिमा मांडल्या आणि त्यांच्या कलकलाटाचें ध्वनिमुद्रण ध्वनिक्षेपकावरून बेटावर सतत वाजविलें. १९८० सालीं सुरयांनीं तेथें घरटीं केलीं. त्यांत दर वर्षीं उत्तरेकडून थेट दक्षिण ध्रुवाच्या समुद्रापर्यंत जाऊन येणारा आर्क्टिक सुरय आहे, आणि अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर दुर्मिळ झालेला गुलाबी सुरयही आहे.

आणि १९८१ सालच्या जुलैची ४ तारीख उजाडली. हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. किनाऱ्यावर रोषणाई आणि दारूकाम. त्या दिवशीं क्रेस बेटावर टेहळणी करीत असतां एक पफिन समुद्रावरून आला. त्याच्या चोंचींत मासे आडवे लटकत होते. तो धोंड्यांवर उतरला आणि फटींत शिरून दिसेनासा झाला. पफिन स्वतःसाठीं पकडलेला मासा समुद्रांतच गिळतो. जमिनीवर आणतो तो पिलासाठीं. म्हणजे धोंड्याखालीं पिलूं होतें. त्या वर्षीं एकंदर पांच जोडपीं आढळलीं. पहिलीं सहा पिलें आणल्यापासून आठ वर्षें झालीं होतीं, आणि शेवटचे पफिन संपल्यापासून शंभर होत आलीं होतीं.

कथा येथें संपविली असती तर फार गोड झाली असती, पण व्यवहार तसा नाहीं. बेट वसलें, तरी तें आपोआप वसलेलें राहत नाहीं. सुरयांना व पफिनांना कुरवांपासून वांचविण्यासाठीं दर उन्हाळ्यांत माणसांनीं तेथें राहावें लागतें. सुमारें बारा फूट लांबरुंद अशी एक लांकडी झोंपडी बेटावर आहे. तिला मुलांनीं थट्टेनें एका नामांकित हॉटेलाचें नांव देऊन टाकलें आहे. विद्यार्थी पाळीपाळीनें येतात, तंबूंत झोंपतात, आडोशाच्या पेटींत तासन्‌तास बसून पायांतल्या कड्या वाचतात, कोणत्या पिलाला कोणते मासे मिळाले तें टिपतात, आणि डोक्यावर सुरयांच्या चोंची व विष्ठा सोसतात. असा क्रम चाळीसांहून अधिक वर्षें चालला आहे. पहारा उठला तर कुरव परत येतील, हें सर्वांस ठाऊक आहे. देवळाचा जीर्णोद्धार करणारे पुष्कळ मिळतात, रोजचा दिवा लावणारे मिळणें कठीण, हें आपण गांवोगांव पाहतों; येथें दिवा लावणारे मिळाले, याचें मला अधिक कौतुक वाटतें.

वस्ती मात्र चांगली वाढली. २०१९ सालीं एग रॉकवर पफिनांचीं पावणेदोनशेंहून अधिक जोडपीं होतीं. सील आयलंड नांवाच्या दुसऱ्या बेटावरही १९८४ पासून याच रीतीनें पिलें नेऊन वस्ती केली; मेन संस्थानांतील सर्व बेटें मिळून आतां हजारांवर जोडपीं आहेत. एका जोडप्यावर आलेल्या जातीचा हा विस्तार.

आतां संकट आलें आहे तें जाळ्याचें नव्हे, बंदुकीचें नव्हे, कुरवांचेंही नव्हे. मेनच्या आखाताचें पाणी तापत आहे, आणि जगांतील बहुतेक समुद्रांहून अधिक वेगानें तापत आहे. २०१२ सालीं त्याचा प्रत्यय आला. थंड पाण्यांतले बारीक, लांबट मासे दूर गेले आणि दक्षिणेकडचा बटरफिश नांवाचा रुंद, चपटा मासा पुष्कळ आला. पफिन आईबापांनीं समोर होता तो मासा आणला. पिलाच्या घशांतून तो उतरेना. सील आयलंडावरील एका बिळांत चलच्चित्र यंत्र बसविलेलें होतें, आणि दूरदूरचे लोक घरबसल्या त्या पिलाची वाढ पाहत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत तें उपासानें मेलें. किती तरी बिळांत मेलेल्या पिलांशेजारीं न गिळलेल्या माशांचा ढीग सांपडला. आईबापांनीं कसूर केली नव्हती, अन्नही दाराशीं होतें, आणि लेकरूं उपाशी! वाचतांना मन विषण्ण होतें. २०२१ सालचा हंगामही असाच वाईट गेला. मधल्या कांहीं वर्षीं मात्र दुसऱ्या जातीचे लहान मासे भरपूर मिळून पिलें उत्तम वाढलीं. सात एकरांवर पहारा ठेवतां येतो. समुद्राच्या उष्णतेवर तो ठेवतां येत नाहीं.

पफिन हिंवाळ्यांत जातात कोठें, हें कोडें बरींच वर्षें सुटलें नव्हतें. प्रकाशाच्या नोंदीवरून जागा सांगणारीं अगदीं लहान यंत्रें पायांत बांधल्यावर तें सुटलें. विणीनंतर हे पक्षी प्रथम उत्तरेकडे जातात, आणि हिंवाळ्याच्या उत्तरार्धांत केप कॉडच्या आग्नेयेस सुमारें दोनशें मैलांवर, समुद्रतळाशीं खोल दऱ्या व बुडालेले पर्वत आहेत त्या भागावर येऊन राहतात. २०१६ सालीं अमेरिकेनें त्या सागरी प्रदेशास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला.

क्रेस २०१९ सालीं निवृत्त झाला. त्याची रीत इतरत्र पसरली. जपानच्या तोरिशिमा या ज्वालामुखी बेटावर आंखूडशेपट्या अल्बाट्रॉसची वस्ती होती. तोही पिसांच्या व्यापारापायीं संपत आलेला पक्षी. ज्वालामुखी जागा झाला तर सारी वस्ती एकदम जाईल या भीतीनें २००८ ते २०१२ या पांच वर्षांत त्याचीं ७० पिलें मुकोजिमा बेटावर नेऊन हातानें वाढविलीं. चीनच्या किनाऱ्यावर, नामशेष झाला असें समजलेल्या चिनी तुरेवाल्या सुरयासाठीं २०१३ सालीं एका बेटावर प्रतिमा व ध्वनि मांडले, आणि त्याच हंगामांत ते पक्षी तेथें उतरले.

एग रॉकवर आज जे पफिन दिसतात त्यांपैकीं बहुतेकांचा न्यू फाउंडलंडशीं संबंध आजापणजापुरता उरला आहे. त्यांचा जन्म याच धोंड्यांखालचा. एप्रिलच्या अखेरीपासून ते येऊं लागतात, आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत जवळजवळ सर्व निघून जातात. सुरय त्यांच्याही आधीं गेलेले असतात. मग मुलें तंबू गुंडाळतात, झोंपडीचें दार लावतात आणि नावेंत बसतात. त्यानंतरही कांहीं आठवडे गवताखालच्या बिळांत एका चिमुकल्या वादळपांखराचीं पिलें असतात. त्यांचे आईबाप दिवसां कधीं दिसत नाहींत. अंधार पडला म्हणजे समुद्रावरून येतात, पिलांना भरवितात, आणि उजाडण्यापूर्वीं परत जातात.